घर आवरलेलं आहे, तरी वस्तू सापडत नाहीत: बिघाड कुठे आहे आणि तो कसा काढायचा

घर आवरून महिना होत नाही तोच कात्री पुन्हा गायब. मोजपट्टी घरात आहे हे सगळ्यांना ठाऊक, कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी सगळं बाहेर काढायचं, पुसायचं, नवे डबे आणायचे, रचून ठेवायचं, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तीच शोधाशोध. ज्या घरात हे चालू असतं तिथे लोक स्वतःला नाहीतर एकमेकांना बेशिस्त म्हणून मोकळे होतात. मला हे निदान बहुतेक वेळा चुकीचं वाटतं. ठेवताना आपण एक प्रश्न विचारतो आणि शोधताना वेगळाच. ठेवताना मनात असतं, "हे कुठे मावेल?" शोधताना मनात येतं, "हे कुठे असेल?" या दोन प्रश्नांची उत्तरं जुळत नाहीत तिथे वस्तू हरवते, मग कपाट कितीही नेटकं दिसो. म्हणून जागा ठरवण्याचा अधिकार ठेवणाऱ्याकडून काढून शोधणाऱ्याला द्यायचा. पुढचे सगळे उपाय यातूनच निघतात.

आत्ता एक वस्तू हवी आहे आणि सापडत नाही

व्यवस्थेचं नंतर बघू, आधी वस्तू. घरभर धावत शोधणं थांबवा. ती जिथे असायला हवी त्या जागेपासून सुरुवात करा, आणि ती जागा वरवर चाळू नका, पूर्ण रिकामी करा. वस्तू पुष्कळदा तिथेच किंवा हातभर अंतरावर असते: दुसऱ्या कशाच्या तरी खाली, खणाच्या मागच्या फटीत, भलत्याच पिशवीत. ड्रॉवर रुळांवरून पूर्ण बाहेर काढा आणि मागची पोकळी पाहा. कागद, किल्ल्या, पेनं तिथे जाऊन पडतात.

तिथे नसेल तर "शेवटची कधी पाहिली?" असं विचारण्यापेक्षा "शेवटची कोणत्या कामाला घेतली?" असं विचारा. तारीख आठवत नाही, काम आठवतं. आणि काम आठवलं की त्या कामातल्या बाकीच्या वस्तू कुठे गेल्या तेही आठवतं. हरवलेली वस्तू बरेचदा त्यांच्याचबरोबर गेलेली असते. पडदे लावताना घेतलेला पेचकस उरलेल्या हुकांच्या पिशवीत निघतो.

शोधताना वस्तूचं नाव तोंडाने घ्या. गॅरी लुप्यान आणि डॅनियल स्विंग्ली या मानसशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ओळखीच्या वस्तूचं नाव उच्चारत शोधणाऱ्यांना ती लवकर दिसली. नावाबरोबर तिचं रूप मनात पक्कं होतं. पण ते रूप जुनं असेल तर तेच आडवं येतं. तुम्ही निळ्या खोक्यातला टेप शोधताय आणि खोकं केव्हाच टाकून दिलंय, तर उघडा टेप समोर असून नजरेला लागणार नाही. म्हणून शोधायला लागण्याआधी क्षणभर थांबून ती वस्तू आज कशी दिसत असेल, तिच्यावर वेष्टन असेल की नसेल, ते ठरवून घ्या.

सापडली की काम करा, पण परत ठेवण्याआधी एक ओळ लिहून काढा: काय शोधलं, आधी कुठे पाहिलं, कुठे सापडलं. ही ओळ पुढच्या तपासणीला लागणार आहे.

आधी नोंद, मग आवराआवर

बहुतेक लोक डबे विकत आणून सुरुवात करतात. डबे सगळ्यात शेवटी. आधी दोनेक आठवडे घरात दर्शनी भागी एक कागद चिकटवा. घरातल्या कुणालाही काहीही शोधावं लागलं की तीन गोष्टी लिहायच्या: काय शोधलं, सगळ्यात आधी कुठे पाहिलं, शेवटी कुठे सापडलं. अगदी दोन मिनिटांचा शोध असला तरी लिहायचा.

यातला मधला रकाना सोन्याचा आहे. विचार न करता माणूस ज्या जागी पहिला हात घालतो, ती त्या घरात त्या वस्तूची खरी जागा. घरातले दोघे-तिघे सेलोटेपसाठी आधी दाराजवळच्या टेबलाचा खण उघडत असतील, तर टेप तिथेच राहायला गेला पाहिजे. लेखनसाहित्याच्या खणात तो कितीही शोभत असला तरी. या एका बदलाने जेवढी शोधाशोध कमी होते तेवढी नवं कपाट आणूनही होत नाही.

पहिले हात वेगवेगळ्या ठिकाणी जात असतील तर दोन शक्यता. एक, ती वस्तू दोन ठिकाणी खरोखर लागते. कात्री हे ठळक उदाहरण. अशा वेळी दोन घ्या, आणि दोघींना आपापली ठरलेली जागा द्या. दुसरी शक्यता, तिची जागा कधी ठरलीच नाही. मग सगळ्यांनी मिळून ठरवायची, एकट्याने नाही.

नोंद चाळली की बिघाडाचा प्रकारही कळतो. कारण "सापडत नाही" या एकाच तक्रारीखाली चार-पाच वेगळे दोष असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

"जपून ठेवली होती", आणि आता आठवत नाही

जादा किल्ली, मूळ प्रमाणपत्र, हमीपत्र, एखादा लहानसा दागिना: नेमकं महत्त्वाचं तेच हरवतं. याचं कारण आपला निष्काळजीपणा नसून जास्तीची काळजी आहे. महत्त्वाची वस्तू आपण नेहमीच्या जागी न ठेवता "खास" जागी ठेवतो आणि मनाशी म्हणतो, ही जागा इतकी वेगळी आहे की विसरणं शक्य नाही. यूजीन विनोग्राड आणि रॉबर्ट सोलोवे यांनी १९८६ साली नेमक्या याच गोष्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष उलटा निघाला: अनपेक्षित जागा लोकांच्या लक्षात कमी राहते. शोधताना मनाची सुरुवात वस्तूपासून होते, आणि पासपोर्ट हिवाळी मोज्यांत लपवला असेल तर पासपोर्टपासून मोज्यांपर्यंत जाणारी वाटच मनात नसते. ठेवताना जागा डोळ्यांपुढे असते, म्हणून तेव्हा सगळं सोपं वाटतं.

उपाय साधा आहे. घरात "जपून ठेवायची" एकच जागा. किल्ल्या, ओळखपत्रं, मूळ कागद, सगळं तिथे. चोरीची किंवा मुलांच्या हाताची भीती असेल तर त्या जागेला कुलूप लावा. लपवणं हा कुलपाला पर्याय नाही. इतकं करूनही काही लपवायचंच असेल, तर कपाटाचं दार बंद करण्याआधी फोनमध्ये एक ओळ लिहा आणि विश्वासातल्या एका माणसाला सांगा. "नंतर लिहितो" म्हटलं की ती ओळ राहूनच जाते.

जागा ठाऊक आहे, पण वस्तू परत तिथे जात नाही

नोंदीत "सापडली: टेबलावर", "सापडली: खुर्चीवर", "सापडली: पायरीवर" असं दिसत असेल तर बिघाड हा आहे. माझ्या मते घराघरांतला सगळ्यात मोठा बिघाड हाच, आणि यावरूनच सर्वाधिक भांडणं होतात.

वस्तू काढताना माणसाला गरज असते, म्हणून तो तीन डबे हलवेल, स्टूल आणेल, दोन झाकणं उघडेल. परत ठेवताना काम झालेलं असतं, अंगात उत्साह नसतो, तेव्हा तेवढीच उठाठेव कोण करणार? म्हणून जागा ठरवताना काढायला सोपी आहे का हे बघू नका. ठेवायला सोपी आहे का ते बघा.

हे मोजता येतं. वस्तू हातात घेऊन तिच्या जागेपर्यंत जा आणि वाटेतल्या क्रिया मोजा. कपाट उघडणं एक, वरचा डबा उचलून खाली ठेवणं दोन, झाकण काढणं तीन, आतली पिशवी उघडणं चार, आणि मग सगळं उलट क्रमाने. रोज लागणाऱ्या वस्तूला एक क्रिया, फार तर दोन. आठवड्यातून लागणाऱ्या वस्तूला तीन चालतील. वर्षातून एकदा लागणारी वस्तू माळ्यावर सात क्रियांमागे असली तरी काही बिघडत नाही. या मोजणीत एक दोष हमखास सापडतो: रोजची वस्तू खोल आत आणि कधीच न लागणारी समोर. जी वस्तू घरात आधी आली तिने चांगली जागा धरलेली असते आणि नंतर आलेली कामाची वस्तू मागे ढकलली जाते, एवढंच त्याचं कारण.

गुडघ्यापासून खांद्यापर्यंतचा पट्टा ही घरातली सगळ्यात मोलाची साठवण. वाकावं लागत नाही, हात वर करावा लागत नाही, आतलं दिसतं. या पट्ट्यात काय आहे ते आज एकदा पाहा. जुने करंडे, रिकामी खोकी, भेट म्हणून आलेल्या न वापरलेल्या वस्तू तिथे असतील तर त्यांना वर किंवा खाली पाठवा. जड वस्तू खाली, हलक्या आणि क्वचित लागणाऱ्या वर. जड डबा डोक्याच्या वर ठेवू नका, तो काढताना पडतो.

झाकणाबद्दल माझं मत ठाम आहे: रोजच्या वस्तूंना झाकण नको. उघडा ट्रे, उघडी टोपली, भिंतीवरचा हूक. धुळीपासून वाचवायचं म्हणून झाकण लावलं की वस्तू झाकणावरच साठायला लागतात. डब्यावर डबाही शक्यतो नको. फळ्यांमधलं अंतर जास्त असेल तर मध्ये आणखी एक फळी बसवून घ्या. खालचा डबा वरच्याला न हलवता बाहेर आला पाहिजे.

शिवाय वस्तू जागेवर नाही हे दिसलंही पाहिजे. जपानी कारखान्यांतून जगभर गेलेल्या, कामाची जागा नीट लावण्याच्या "५ एस" पद्धतीत "सेइतोन" नावाची पायरी आहे, म्हणजे प्रत्येक वस्तू ठरलेल्या जागी, पटकन हाताला येईल अशी. अशा कारखान्यांत अवजारांच्या फळीवर प्रत्येक अवजाराची बाह्यरेषा काढलेली असते. पक्कड नसली की तिची रिकामी आकृती दिसते. घरातल्या अवजारांच्या खणात जाड कागदावर अशा रेषा काढून बघा. रिकामा आकार दिसला की घरातलं कुणीही न सांगता विचारतं, "पक्कड कुठे गेली?"

डबा सापडतो, आतली वस्तू सापडत नाही

डबा बरोबर आहे, पण त्यात इतकं काही आहे की उपसावं लागतं. याचं मूळ डोळ्यांच्या कामात आहे. ॲन ट्रीसमन आणि गॅरी गेलेड यांनी १९८० मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, बाकीच्यांपेक्षा एकाच ठळक गुणाने वेगळी असलेली वस्तू, म्हणजे काळ्यांमधली एक लाल, गर्दी कितीही असली तरी पटकन नजरेत भरते. पण एकमेकींसारख्या वस्तूंत गुणांच्या जुळणीवरून शोधायचं झालं की नजर एकेक वस्तू तपासत जाते आणि वस्तू वाढतील तसा वेळ वाढतो. काळ्या वायरींच्या डब्यात एक काळी वायर शोधताना हेच होतं. तेव्हा एक तर गर्दी कमी करा, नाहीतर ठळक फरक आणा. रोज हरवणाऱ्या लहान वस्तूला, पेन ड्राइव्हला, किल्लीला, भडक रंगाची पट्टी बांधणं ही फार प्रभावी युक्ती आहे.

डबा भरताना दुसरी चूक वर्गवारीची असते. दुकानात वस्तू प्रकाराने लावतात, कारण गिऱ्हाईक प्रकार शोधत येतं. घरात आपण काम घेऊन येतो. "मला भिंतीवर चित्र लावायचं आहे" हे काम आहे, आणि त्याला हातोडी, खिळे, मोजपट्टी, पेन्सिल लागते. या चार वस्तू चार प्रकारांच्या चार खणांत असतील तर चार शोध लागतात. एका पेटीत असतील तर एक. शिवणाचं सामान, बूट पुसायचं सामान, भेटवस्तू बांधायचं सामान, प्रथमोपचार, हे सगळे कामाचे गट. उलट, एकाच वस्तूचे अनेक नमुने असतील आणि त्यांतून निवड करायची असेल, जसं स्क्रू, बल्ब किंवा पुस्तकं, तर तिथे प्रकारच बरा. हे पारखायला सोपी कसोटी आहे: ती वस्तू शोधताना तुम्ही मनात कोणतं वाक्य म्हणता? त्या वाक्यातला शब्द हेच गटाचं नाव.

"किरकोळ" असं लिहिलेला डबा घरात फार तर एक, आणि तोही लहान. त्या शब्दाला काहीही चालतं, म्हणून त्यात काहीही जातं. तो भरला की ओता आणि बघा: एकाच कामाच्या चार-पाच वस्तू जमल्या असतील तर त्यांचा नवा गट जन्माला आला आहे. प्रत्येक डब्यात निदान चौथा हिस्सा जागा मोकळी ठेवा. ठासून भरलेल्या डब्यात नवी वस्तू जात नाही, मग ती "तात्पुरती" कुठेतरी जाते आणि तिथेच राहते. आणि सपाट वस्तू आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. फाइली, ताटल्या, चादरी, घडी केलेले कपडे उभे असले की प्रत्येकाची कड दिसते.

सगळं एकाच माणसाला ठाऊक

दिवसभर "अगं, ते कुठे आहे?" अशी हाक येत असेल तर त्या घरात व्यवस्था नाही, एका माणसाची स्मरणशक्ती आहे. ती व्यक्ती आजारी पडली किंवा गावाला गेली की घर अडतं, आणि ती घरी असते तेव्हा तिला कधी उसंत मिळत नाही. याकडे लोक कौतुकाने बघतात. मला तो त्या व्यक्तीवरचा अन्याय वाटतो.

तपासणी अशी: ज्याने वस्तू ठेवलेल्या नाहीत त्याला पाच वस्तू आणायला सांगा आणि स्वतः गप्प राहा. हात कुठे जातो, कुठे अडतो ते बघा. तो अडला तर त्याला शिकवू नका, जागा बदला किंवा चिठ्ठी लावा. चिठ्ठीवर घरात बोलला जाणारा शब्द हवा. घरात सगळे "वायरींचा डबा" म्हणत असतील तर "विद्युत उपसाधने" लिहून उपयोग नाही. वाचता न येणाऱ्या मुलांसाठी चित्र लावा. आपली खेळणी कुठे जातात हे चित्रावरून कळलं की मूल ती स्वतः ठेवायला लागतं.

चिठ्ठ्या आणि यादी

चिठ्ठी झाकणावर लावू नका. झाकणं अदलाबदल होतात, आणि वर दुसरा डबा आला की चिठ्ठी झाकली जाते. डब्याच्या त्या बाजूला लावा जी फळीवर ठेवल्यावर बाहेर राहते. मास्किंग टेपचा गोंद काही काळाने सुकून निघतो किंवा पृष्ठभागावर चिकटून बसतो, म्हणून वर्षानुवर्षं राहायच्या डब्याला कागद लावून त्यावर रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावणं चांगलं. उन्हात येणाऱ्या जागी मार्करची शाई फिकी पडते. डबा पारदर्शक असला तरी चिठ्ठी लावाच, कारण बाहेरून फक्त वरचा थर दिसतो.

यादी मात्र सगळ्याची करू नका. रोजच्या वस्तूंची यादी आठवड्यात शिळी होते आणि शिळ्या यादीवर एकदा फसलं की माणूस ती पुन्हा उघडत नाही. यादी फक्त वर्षातून एक-दोनदा उघडणाऱ्या डब्यांची: माळा, पलंगाखालची साठवण, सुटकेसमधले कपडे. त्या डब्यांवर मोठे आकडे घाला, आणि झाकण लावण्याआधी उघड्या डब्याचा फोटो घ्या. फोटोत आकडाही यायला हवा. यादीत लिहा: डबा ७, कोणती खोली, आत काय. क्रमांक डब्याचा असावा, जागेचा नव्हे, म्हणजे डबा हलवला तरी एकच रकाना बदलावा लागतो. डबा उघडून काही काढलं तर त्याच वेळी नवा फोटो. ही यादी घरातल्या सगळ्यांच्या फोनवर हवी आणि एक छापील प्रत कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला.

हल्ली डब्यांवर क्यूआर कोड लावायची ॲप मिळतात. हा कोड जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ मध्ये गाड्यांच्या सुट्या भागांचा माग ठेवायला बनवला, म्हणजे या कामाला तो योग्यच आहे. पण ॲप बंद पडलं तर डब्यावरच्या ठिपक्यांना काही अर्थ उरत नाही. लावायचाच तर शेजारी साधा आकडाही लिहा. ब्लूटूथ टॅग, म्हणजे फोनवरून शोधता येणारे छोटे बिल्ले, किल्ल्या, पाकीट, बॅग यांना चांगले, कारण या वस्तू घरभर आणि घराबाहेर फिरतात. एका जागी राहणाऱ्या वस्तूला टॅग लावणं म्हणजे जागा ठरवायचं टाळणं.

वायरी, बॅटऱ्या, कागद

हे तीन प्रकार वेगळे काढतो, कारण यांत चुकीची वस्तू सापडणं हे न सापडण्यापेक्षा वाईट.

प्रत्येक अडॅप्टरवर तो कोणत्या यंत्राचा ते आजच लिहा. पिन बसते म्हणून तो चालतोच असं नाही. व्होल्टेज यंत्राला हवं तेच लागतं, अँपिअरचा आकडा गरजेइतका किंवा जास्त असावा लागतो, आणि पिनची धन-ऋण दिशाही जुळावी लागते. चुकलं तर यंत्र जळू शकतं. टाइप-सी वायरी दिसायला सारख्या, पण काही फक्त चार्जिंग करतात, डेटा नेत नाहीत. तसा शेरा वायरीवरच बांधा. फर्निचर सोडवलं तर त्याचे स्क्रू पिशवीत घालून ती त्याच फर्निचरच्या आतल्या बाजूला चिकटवा. "स्क्रूच्या डब्यात" ते कायमचे मिसळून जातात.

अल्कलाइन बॅटरी बराच काळ यंत्रात राहिली तर गळते आणि त्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड संपर्कपट्ट्या खातं. ठेवणीतल्या टॉर्च, रिमोटमधून ती काढा आणि शेजारी ठेवा. नऊ व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात; ती नाणी, किल्ल्या, पिनांच्या डब्यात पडली तर शॉर्ट होऊन आग लागू शकते. टोकांना चिकटपट्टी लावा. बटनासारख्या चपट्या बॅटऱ्या लहान मुलांच्या हाताला येणार नाहीत अशाच ठेवा. मुलाने गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली तर काही तासांत गंभीर इजा करते.

कागदांत आधी बघा पावत्या. गुळगुळीत थर्मल कागदावरची छपाई उष्णतेने, उजेडाने आणि प्लॅस्टिकच्या पाकिटातही उडते. हमीचा कालावधी संपण्याआधी पावती कोरी झालेली असते. घरी आल्याबरोबर फोटो काढा आणि फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, म्हणजे फोनच त्यांना क्रमाने लावतो. मूळ कागदांच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर आत काय आहे त्याची यादी आणि ज्यांना मुदत आहे त्यांची तारीख. कुणाला कागद दिला तर त्याच्या जागी एक कोरा कागद घालून त्यावर लिहा: काय, कुणाला, कधी.

सापडली, पण खराब झालेली

दमट जागेत ठेवलेली वस्तू सापडून उपयोग नसतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीचा धोका वाढत जातो. बाहेरच्या भिंतीला टेकवून आणि थेट जमिनीवर डबे ठेवू नका, मागे-खाली हवा खेळू द्या. पुठ्ठ्याची खोकी लांब मुदतीला नकोत. ओल धरतात, आणि चंदेरी कसर त्यांतला गोंद आणि कागद खाते. फोटो पीव्हीसी या प्लॅस्टिकच्या पाकिटात चिकटतात, पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा.

दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तसंच होतं

कारण घरात वस्तू येत राहतात आणि त्यांना जागा ठरवल्याशिवाय आत घेतलं जातं. नवी वस्तू वेष्टनातून काढली की त्याच दिवशी तिची जागा ठरवा. गट भरला असेल तर त्यातलं काहीतरी बाहेर जाईल. जादा साठा, बल्ब, साबण, टूथपेस्ट, हा घरात एकाच ठिकाणी ठेवा. तो तीन कपाटांत विखुरला की आहे ते दिसत नाही आणि आणखी आणलं जातं.

दुसरं कारण वाटेतल्या वस्तू. दुरुस्तीला द्यायची, कुणाची परत करायची, वरच्या मजल्यावर न्यायची. यांना घरात हक्काची जागा नसते, म्हणून त्या कुठेही बसतात. बाहेर पडायच्या दाराजवळ त्यांच्यासाठी एक टोपली ठेवा आणि ती भरली की काम संपवा, दुसरी टोपली आणू नका. ऋतू बदलताना, कपडे आणि अंथरुणं अदलाबदल होतातच, तेव्हा नोंदीचा कागद पुन्हा आठवडाभर लावा. माणसांच्या सवयी बदलतात, मुलं उंच होतात, घरात नवं काम सुरू होतं, आणि पहिला हात जाण्याची जागाही बदलते.

घराचा दोष नसतो तेव्हा

एक गोष्ट वेगळी ओळखायला हवी. वयस्क माणसाच्या वस्तू अगदी विसंगत जागी सापडू लागल्या, जसं चष्मा फ्रिजमध्ये, आणि आपण कुठून कुठे गेलो याचा माग त्यांना मागे जाऊन काढता येईनासा झाला, किंवा वस्तू कुणीतरी चोरली असा संशय वारंवार येऊ लागला, तर चिठ्ठ्या लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. वस्तू हरवणं सगळ्यांचंच होतं. पावलं मागे नेता न येणं हे अल्झायमरच्या सुरुवातीच्या खुणांपैकी एक मानलं जातं. कारण दुसरंही असू शकतं, आणि काही कारणांवर उपचार आहेत, म्हणून तपासणी लवकर झालेली बरी.

अशा घरात व्यवस्थेचे नियम थोडे बदलतात. त्यांच्या ओळखीच्या जागा हलवू नका, मोठी साफसफाई तर नकोच. जुनी सवय टिकलेली असते तोवर हात आपोआप तिथे जातो. कपाटाची दारं काढून टाकली किंवा उघडी ठेवली की आतलं दिसतं आणि आठवावं लागत नाही. चष्मा, किल्ली अशा वस्तूंची दुसरी प्रत घरच्यांकडे ठेवा. केराची टोपली ओतण्याआधी त्यात हात घालून बघा. वस्तू सापडत नाही म्हणून ते अस्वस्थ झाले तर वाद न घालता त्यांच्याबरोबर शोधा, आणि सापडली की "बघा, इथेच होती" असं म्हणू नका, नुसती हातात द्या.